हसरा ऋणको

या व्यवहारात मेकॅनिककाकांचा फायदा किती, ते आधी मांडून बघू. व्याज शून्य. तारण नाही, जामीन नाही. ऋणको समुद्रापलीकडचा, त्याच्या दारात तगादा लावायला जायचं म्हटलं, तर विमानाचं तिकीट मूळ कर्जाच्या शंभरपट. बदल्यात मिळणार एक फोटो आणि त्याखाली चार ओळी. उभं आयुष्य लोकांच्या लिफ्टचे दोर तपासण्यात घालवलेला आणि साधी छत्रीसुद्धा चारदा उघडमीट केल्याशिवाय विकत न घेणारा हा माणूस असल्या धंद्यात पडला कसा?

"मी काही पडलो नाही," काका म्हणाले. "हिने ढकललं."

ही म्हणजे मुलगी. निवृत्तीची भेट म्हणून तिने परदेशातल्या गरजूंना बिनव्याजी छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेत त्यांच्या नावे थोडी रक्कम भरली होती. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती एकेक चेहरा त्यांना दाखवत होती. कुणाला कोंबड्या घ्यायच्या होत्या, कुणाला दुसरी भट्टी, एका न्हाव्याला फिरती खुर्ची. काका स्थळं बघायला बसल्यासारखे प्रत्येकात खोट काढत होते.

"बुडाले तर?"

"तर बुडाले, बाबा. पण बहुतेक जण फेडतात. फेडले की तेच पैसे दुसऱ्याला द्यायचे."

"आणि हे सगळे हसतायत कशाला? कर्ज काढताना माणूस हसतो होय?"

"घेताना सगळेच हसतात," मटार सोलणारी काकू मान वर न करता म्हणाली. "पुढचं विचारा."

डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, म्हणून ती हे जरा मोठ्यानेच बोलली. त्या घरात सगळेच जरा मोठ्याने बोलत. ज्याच्या हाताने गावातल्या निम्म्या लिफ्ट वरखाली होत, त्याच्या घरचा पंखा मात्र वर्षानुवर्षं कण्हत होता. शेजारी हसायचे, दिव्याखाली अंधार म्हणायचे. काका हसण्यावारी न्यायचे.

मुलीने पुढचा चेहरा आणला आणि काकांनी तिचा हात धरला. "थांब."

एका चिंचोळ्या दुकानात एक माणूस कामाच्या टेबलाला टेकून उभा होता. मागे उघडलेल्या मोटारी, पंख्यांची पाती. एका बोटाला चिंधी बांधलेली, ती लपवायला तो हात मागे घेतलेला. पण फोटोत ती दिसतच होती. जळलेल्या मोटारींना नवी गुंडाळी भरायचा त्याचा धंदा. तांब्याची तार घ्यायला पैसे हवे होते.

"ह्याला दे," काका म्हणाले.

"अहो बाबा, अजून पुष्कळ आहेत..."

"ह्याला."

काकू उठून लॅपटॉपपाशी आली. ओले हात पदराला पुसत तिने तो फोटो पाहिला, त्या मागे घेतलेल्या हाताकडे जरा जास्तच वेळ. मग मटारांकडे परत गेली.

तिचा धाकटा भाऊ अगदी असाच उभा राहायचा.

तो काकांच्या हाताखाली लिफ्टच्या कंपनीत लागला होता. हात सोन्याचे आणि जीभ त्याहून तयार. दोघांची जोडी अशी, की एक दिसला की लोक दुसऱ्याला शोधायचे. एक दिवस मेहुण्याच्या मनात आलं, मोटार वायंडिंगचं स्वतःचं दुकान टाकायचं. "दाजी, दुसऱ्याच्या इमारतीत किती दिवस वरखाली करायचं?" काकांनी साठवलेलं सगळं काढून दिलं. कागद नाही, मुदत नाही. दुकानात गुंडाळी भरलेला पहिला पंखा हौसेने याच घरातला नेला होता, हाच कुरकुरणारा. दीड वर्षात दुकान बसलं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. काकांनी पैशांचा शब्द काढला नाही. त्यांना वाटलं, हाच मोठेपणा. मेहुण्याने त्या गप्प राहण्याचा अर्थ वेगळा लावला. आधी तो उशिरा यायला लागला, मग धावतपळत येऊन उभ्याउभ्या जायला लागला, मग यायचाच थांबला. राहायला चार गल्ल्या पलीकडे. बाजारात काका दिसले की त्याला पलीकडच्या दुकानात अचानक काहीतरी घ्यायचं आठवे.

तिकडच्याचे हप्ते मात्र येऊ लागले. रक्कम म्हणाल तर चहाबिस्किटांची. पण आली की मुलगी काकांना फोन दाखवायची आणि काका चष्मा लावून ती वाचायचे.

"आला का तुमच्या तिकडच्या मेहुण्याचा हप्ता?" काकू विचारायची.

ती थट्टेत बोलायची आणि दोघंही थट्टा म्हणूनच घ्यायचे. पण नाव पडलं ते पडलं. काका आता पेपरात तांब्याचा भाव बघू लागले. चहाच्या टपरीवर जुन्या सोबत्यांत बसले की म्हणायचे, "आमच्या माणसाने आता एक हाताखाली ठेवलाय." कोण तुमचा माणूस, विचारलं की देशाचं नाव धड सांगता यायचं नाही. सोबती खोखो हसत. पण आधी मांडलं तसं व्याज शून्य नव्हतं. ते त्या 'आमच्या' या शब्दात जमा होत होतं. पैसे घेऊनही तोंडासमोर हसत उभं राहणारं माणूस काकांना फार वर्षांनी भेटलं होतं. फोन उघडला की तो तिथे असायचाच, टेबलाला टेकून.

मग एका महिन्यात हप्ता आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. काका दिवसातून दोनदा मुलीला विचारायचे, तेही वेगळंच काही विचारल्यासारखं. शेवटी संस्थेचं पत्र आलं. मुलीने ते मराठीत करून वाचलं.

"जागामालकाने जागा काढून घेतल्यामुळे दुकान बंद झालं आहे. उरलेली रक्कम परत मिळण्याची शक्यता नाही. आम्ही दिलगीर आहोत." ती थांबली. "खाली आणखी एक ओळ आहे. म्हणतात, हे गृहस्थ अजून दर आठवड्याला आमच्या कचेरीत येतात. पैसे आणू शकत नाहीत, पण येऊन बसतात. मागच्या खेपेला आमचा पंखा दुरुस्त करून गेले."

"परत वाच," काका म्हणाले.

"बाबा, फार नाही बुडाले. तीनच हप्ते..."

"ते नको. शेवटची ओळ वाच."

तिने वाचली. काकू शेगडीकडे तोंड करून उभी होती. भाजी खाली लागल्याचा वास आला तरी तिने गॅस बंद केला नाही. तो काकांनी उठून केला.

संध्याकाळी काका चार गल्ल्या चालत गेले. मेहुण्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

"या ना, भाऊजी. पण हे नाहीत हो घरी. आत्ताच बाहेर पडले."

दारात चपला होत्या. डाव्या चपलेची टाच आतल्या बाजूने झिजलेली. तसा पाय घासत चालणारा माणूस काकांनी आयुष्यात एकच पाहिला होता. आतल्या खोलीचा पडदा हलला आणि लगेच स्थिर झाला. काका बसले. पाणी प्यायले. आणि मग पंखा नसलेल्या त्या खोलीतही जरा मोठ्याने बोलू लागले.

"मी म्हटलं सांगून जावं. परदेशात एकाला थोडे पैसे दिले होते मी. वायंडिंगवाला आहे. बुडाला बिचारा."

"अरेरे," ती म्हणाली आणि बोटाभोवती पदर गुंडाळू लागली.

"अरेरे कशाला? पैशांचं काय एवढं. तो येऊन बसतो म्हणे त्यांच्याकडे. हात हलवत येतो, पण येतो." काका पडद्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. "आमचा पंखा फार आवाज करतो हल्ली. कोणीतरी येऊन बघायला हवा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लिफ्टच्या मोटारी खोलून जोडणाऱ्या माणसाला पंख्यासाठी मिस्त्री लागतो, यावर लहान मूलसुद्धा हसलं असतं. ती हसली नाही.

"सांगते," ती म्हणाली. "आले की सांगते."

आतून एकदा खोकल्याचा आवाज आला. तो दोघांनीही ऐकला नाही.

त्यानंतर काकूने सलग दोन रविवार चहाचं आधण तीन कपांचं ठेवलं आणि तिसरा कप स्वतःच प्यायली. शनिवारी संध्याकाळी ती दोघं भाजी आणायला बाजारात जात. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, चार गल्ल्यांना माहीत होतं. पुढच्या शनिवारी परत आल्यावर काकूने पिशवी टेबलावर ठेवली, सवयीने पंख्याचं बटण दाबलं आणि आवाज चढवून म्हणाली, "वांगी महाग झालीत गं!"

तिचा आवाज भलताच मोठा घुमला. ती दचकून वर बघू लागली. पंखा फिरत होता. पानाची सळसळ व्हावी एवढाही आवाज नव्हता.

"मामा आले होते," मुलगी म्हणाली. "बेअरिंग गेलं होतं म्हणाले. नवं घेऊनच आले होते. मी चहा ठेवते म्हटलं, तर म्हणाले, नको, उशीर होतो. तुम्ही येईपर्यंत बसा म्हटलं, तर..." तिने खांदे उडवले.

काकांनी पिशवीतली वांगी एकेक करून टोपलीत काढायला घेतली.

"बारीक झालाय?" काकूने विचारलं.

"थोडे."

"केस?"

"पांढरे झालेत, आई."

"हसला का?"

मुलीने जरा आठवून पाहिलं. "पंखा सुरू झाला तेव्हा. वर बघून."

काकूने मान हलवली. मग खुर्ची ओढून ती बरोबर पंख्याखाली बसली, त्या नव्या शांततेत, डोक्यावरचा पदर वाऱ्याने सरकू देत.

आता शेवटची बेरीज. तिकडच्याचं दुकान गेलं. काकांचे इकडचे पैसे गेले, तिकडचेही थोडे गेले. मेहुण्याने एका बेअरिंगची किंमत भरली. देणारा एक होता, घेणारे दोन. काकूने यातला एक पैसा कधी दिला नव्हता की घेतला नव्हता. पण भाऊ दारात न आल्याचे हप्ते एवढी वर्षं न चुकता तीच भरत आली होती.