नकाशातलं रिकामं पाणी

माघाची सकाळ होती. कांदळवेळच्या किनाऱ्यावर धुक्याची मलमल अजून तशीच पसरलेली होती, आणि तिच्या झिरझिरीत पदराआडून सूर्य उगवला तो फिका, पांडुर, रात्रभर जागल्यासारखा. समुद्र शांत होता. नीलश्याम, मंदश्वासी, आजारातून उठलेल्या माणसासारखा शांत.

त्या शांततेला मधूनच एक ठोका बसे. क्षितिजावरचं पांढरं जहाज तळाखालचा वायू शोधायला पाण्यात बार सोडी. तो बार वाळूला कळण्याआधी माशांना कळे. बांगड्यांचे रुपेरी थवे दिशा सोडून उधळत, आणि दिवसभर रापणीचं जाळं ओढून थकलेल्या हातांत शेवाळ तेवढं येई.

द्वारका खोबरेकर त्या जहाजाशी नऊ वर्षं भांडत होती. आधी वायूचा शोध, मग त्याच्या जोडीला तळाची काळी वाळू उपसण्याचा बेत. अर्ज झाले, मोर्चे झाले, उपोषणं झाली. साहेब बदलले, फायलींचे रंग बदलले, द्वारकेचे केस बदलले. पहिल्या सुनावणीला तीन टेम्पो भरून माणसं गेली होती. आज, नवव्या सुनावणीला, एसटीच्या थांब्यावर पाच जण उभे होते.

थकवा तिच्या हाडांत भरतीसारखा चढला होता. या भरतीला ओहोटी नव्हती.

त्याच गाडीत तिचा धाकटा दीर महादेव चढला आणि पुढच्या बाकावर पाठमोरा बसला. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलाला त्या जहाजावर नोकरी लागली, आणि महादेवानं कंपनीच्या संमतीपत्रावर सही केली. तेव्हापासून एका अंगणातली दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. तुळशीला पाणी दोघांकडून पडे, शब्द कुणाकडूनच नाही.

तालुक्याच्या सभागृहात पंखे कण्हत होते. भिंतीवर समुद्राचा नकाशा होता. निळा, गुळगुळीत, निर्जन. त्यावर चौकोन, चौकोनांत आकडे, आणि आकड्यांखाली एकच शब्द पुन्हा पुन्हा : रिकामं. रिकामं. रिकामं.

"बाई, तीन मिनिटं आहेत तुम्हाला," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेही थकलेले होते.

द्वारका उठली. पिशवीतलं लिहून आणलेलं भाषण तिनं उघडलं. तीच वाक्यं, तीच कलमं, आठ वेळा वाचलेली. ओठांशी येता येताच शब्द सुकून गेले. कागद मिटून ती नकाशापाशी गेली आणि पहिल्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं.

"ही म्हातारीची खडप," ती म्हणाली. "हय शेवंडी अंडी घालतत. ह्या रिकामा न्हय."

बोट पुढे सरकलं. "हो बगळ्याचो दांडो. सुरमय हयसून वळता. ही न्हावणीची खोल, वाऱ्यात होडये हय थांबतत. ही सात भयणी."

नावं येत गेली. सासऱ्याच्या तोंडून ऐकलेली, होडीच्या फळीवर बसून शिकलेली, कुठल्याही कागदावर कधीही न उतरलेली नावं. एकेका नावासरशी त्या निळ्या शून्यातून काही वर येत होतं : शैवालकेशी खडक, प्रवाळांकित कडे, मत्स्यगर्भ गुहा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरांनी ओरखडलेली जलमग्न वाट. कोपऱ्यात टंकलेखन करणाऱ्या तरुण बाईनं मान वर केली. "साहेब, नोंदीत घेऊ?"

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग नकाशाकडे. "घ्या," ते म्हणाले.

एकवीस नावं झाली. बाविसाव्या चौकोनाशी द्वारकेचं बोट थांबलं.

तिथल्या खडकाला गाव तिच्या नवऱ्याच्या नावानं हाक मारत असे. त्यानंच तो शोधला होता. बावीस वर्षांपूर्वीच्या एका वादळानंतर त्याची होडी त्याच खडकाला अडकलेली सापडली. तो सापडला नाही. द्वारकेनं नवऱ्याचं नाव आयुष्यात उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर त्याच्या जगण्यात नाही, नसण्यातही नाही.

बोट निळाईवर तसंच टेकून राहिलं. पंखे कण्हत राहिले.

"नाव सांगा, बाई. नाहीतर पुढे चला."

ती पुढेही सरकेना, मागेही येईना.

तेव्हा कंपनीच्या बाजूच्या खुर्च्यांमधून एक खुर्ची करकरली. महादेव उभा होता. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"वासुदेवाचो खडक," तो म्हणाला. मग घसा खाकरून, जरा मोठ्यानं : "लिवा. वासुदेवाचो खडक. माझो भाव आसा थय."

कळफलकावर बोटं पडल्याचा बारीक आवाज सभागृहभर ऐकू आला. कंपनीच्या माणसानं महादेवाकडे वळून पाहिलं. महादेव खाली बसला नाही. द्वारकेचं बोट संथपणे तेविसाव्या चौकोनाकडे निघालं.

दुपारी निर्णय झाला, म्हणजे झाला नाही. नावांसकट नवा नकाशा करावा, तोवर जहाजानं काम थांबवावं, दहाव्या सुनावणीची तारीख कळवली जाईल. पाच जणांनी तो निरोप ऐकला. कुणी टाळी वाजवली नाही. जिंकल्याचा आनंद करायलाही अंगात थोडं बळ लागतं.

परतीच्या एसटीत महादेव तिच्या बाकापाशी येऊन घुटमळला. द्वारकेनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला.

"पोराची नोकरी जायत," ती म्हणाली.

"जायत," तो म्हणाला.

वळणावर डोंगर बाजूला झाला आणि समुद्र उघडला. सुवर्णधूसर, अथांग, काठोकाठ भरलेला. द्वारकेनं तो पाहिला नाही. नऊ वर्षांची झोप तिच्या पापण्यांवर उतरली होती, मान खिडकीच्या गजाला टेकली होती. उतरतं ऊन तिच्या मिटल्या डोळ्यांवर आलं, तेव्हा महादेवानं आपला दोरांनी चिरलेला पंजा खिडकीशी आडवा धरला. गाडी वळत होती, ऊन सरकत होतं, आणि उन्हामागोमाग तो हात सरकत होता. मावळेपर्यंत, हळूहळू, हळूहळू.