सिस्टरची फेरी

सिस्टर यायची त्या दिवशी सकाळपासून रुपरावांच्या अंगात वारं शिरायचं. नंदनवन वस्तीतल्या घराच्या दोन्ही खोल्या झाडून, बायकोला न्हाऊ घालून, वेणी घालून, कपाळाला कुंकू लावून ते तिला उशांच्या टेकूनं खाटेवर बसवत आणि कमरेखाली धुतलेली शाल पांघरत. मुलगी दाखवायला काढावी तसा थाट. सुभद्राबाई बसवल्या तशा बसून राहायच्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावं अंग त्यांचं राहिलंच नव्हतं, आणि उरलेल्या अंगालाही फारसं काही वाटत नव्हतं. पोळी दिली काय, भात दिला काय, त्यांना सारखंच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी समजावलं होतं, की सिस्टर दर आठवड्याला घरी येईल, बीपी पाहील, हातपाय हलवून घेईल, पाठ आणि टाचा तपासेल, काय होतंय ते विचारेल. तिच्यापासून काही लपवू नका. रुपरावांनी जोरात मान डोलावली होती. पण माणूस पडला कापड मिलमधला जॉबर, खात्यातल्या कामगारांचा मुकादम. साहेबाची फेरी खात्यात आली, की बिघडलेलं सूत मागे सरकवायचं आणि 'सब ठीक साहेब' म्हणत ताठ उभं राहायचं, यातच उभी हयात गेलेली. रिटायर झाले तरी ती सवय काही रिटायर झाली नाही.

थंडी पडली तशी त्यांनी एक वीट शेगडीवर तापवली, फडक्यात गुंडाळली आणि बायकोच्या डाव्या पायाशी ठेवली. जीव लावूनच ठेवली, त्यात खोट नाही. फडकं सुटलं आणि वीट टाचेला लागून राहिली. सुभद्राबाईंना चटका कळला नाही. वास आला तेव्हा त्यांना वाटलं, दूध उतू गेलं.

फोड आला, फुटला, चिघळला. रुपराव त्यावर हळद-तेल लावून फडकं बांधत. "सिस्टरले सांगू नको वं," ते म्हणाले. "म्हणन, बुढ्यानं बायको जाळली." सांगायला सुभद्राबाईंची जीभ जड होती, आणि सांगावं असं त्यांना वाटतही नव्हतं. दुसऱ्याच्या पिशवीतलं वांगं किडकं निघावं, इतकंच त्या जखमेकडे पाहून वाटायचं.

जखम झाल्यानंतरची मेश्राम सिस्टरची ही पहिलीच फेरी. बीपी घेतलं, हात वाकवून पाहिला, पाठ पाहिली. तिचा हात शालीकडे गेला, तसे रुपराव चहाचा कप घेऊन मध्ये आले.

"पाय आत्ताच तेल लावून झाकले, सिस्टर. थंडी हाय ना. टाचा एकदम चकाचक."

"मावशी, काही त्रास?"

"कायचा त्रास!" उत्तर रुपरावांनीच दिलं. "जेवते, झोपते. आता तं उभी बी राहून राहिली."

खोटं, साफ खोटं. पण सिस्टर खूश झाली. बिचारीच्या वाट्याला रोज कितीतरी घरं, त्यात असं नीटनेटकं एखादंच.

"मस्त ठेवलं काका तुम्ही मावशीले. मंग आता मले यायची गरज नाही. दुसऱ्या घरचे पेशंट वाट पाहून राहिले."

रुपरावांचा चेहरा फुलला. फेरी पार पडली होती. सिस्टरनं बॅग बंद केली, आणि कितीतरी दिवसांनी सुभद्राबाईंना भीती वाटली. पाय गेला असता तरी त्यांना चाललं असतं. पण ही बाई गेली, की काय होतंय म्हणून विचारणारं कुणी उरणार नव्हतं. रुपराव विचारतील, आणि उत्तरही तेच देतील. परक्यासमोर नवऱ्याला खाली पाहायला लावणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आज केलं. उजव्या हातानं शाल ओढून बाजूला टाकली.

खोलीभर वास झाला. सिस्टरनं एकदा टाचेकडे, एकदा रुपरावांकडे पाहिलं आणि बॅग पुन्हा उघडली.

"गरम पाणी आणा, काका."

त्यांनी पातेलं आणून खाटेशी ठेवलं. "शेकच देऊन राहिलो होतो," ते पुटपुटले. "थंडी वाजन म्हणून."

चिकटलेलं पिवळं फडकं सिस्टरनं भिजवून सोडवलं आणि कापूस फिरवायला घेतला. "जखम लय खोल गेली. आता रोज यावं लागते मले."

रुपराव खाटेचा पाय धरून खाली बसले. "हळू, बाई. हळू." कापूस टेकला की त्यांचे डोळे मिटत, दात ओठावर रुतत. शेवटी ते रडलेच, तोंड न झाकता, लहान लेकरासारखे. सुभद्राबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"दुखते का, मावशी?" मान वर न करता सिस्टरनं विचारलं.

सुभद्राबाईंनी मान हलवली. नाही. मग नवऱ्याकडे बोट करून त्यांनी जड जीभ कशीबशी वळवली.

"यायले दुखते."