बुवांचा वाघ उत्तररंगात

म्हैसूरला कीर्तनाला येणाऱ्या बुवांना आम्ही राजवाडा दाखवतो, चामुंडीच्या डोंगरावर नेऊन आणतो, आणि मग ते दुपारभर झोपून संध्याकाळी ताजेतवाने उभे राहतात. यंदाचे नरहरीबुवा वाईकडचे. विजयनगरात आमच्या घरी उतरले, पिशवीतून झांजा काढल्या, उपरणं काढलं, आणि उपरण्याखालून निघाली दुर्बीण.

"अंबूताई, राजवाडा कुठं पळून जात नाही," ते मला म्हणाले. "नागरहोळेला इथून निघायचं किती वाजता?"

कॉफी पिता पिता त्यांनी सगळं सांगून टाकलं. आमचं आमंत्रण आलं तेव्हा त्यांनी नकाशा उघडला होता. म्हैसूरच्या एका अंगाला नागरहोळे, दुसऱ्या अंगाला बंडीपूर, दोन्ही वाघांची जंगलं. जन्मभर कीर्तनात खांबातून नरसिंह काढला, पण पिंजऱ्याबाहेरचा वाघसुद्धा कधी पाहिला नाही, ही त्यांची खंत. मी इथलं प्राणिसंग्रहालय सुचवलं, तर म्हणाले, कैद्यांना भेटायला मी आलेलो नाही.

मला मात्र हे परवडणारं नव्हतं. त्याचं कारण मालोजीराव.

मालोजीराव आमच्या विठ्ठल मंदिराचे अध्यक्ष. जुन्या म्हैसूर फौजेतलं घराणं, मिशा अजून फौजेतल्याच. माणूस न्यायाचा, पण हिशेबी. त्यांनी सभेत सांगितलं होतं की पोरांना मराठी कळत नाही, म्हातारे मध्यंतराचा बुक्का लावून घरी मालिका बघायला जातात, आणि उत्तररंग बुवा खुर्च्यांना ऐकवतात. तेव्हा पुढच्या वर्षीपासून कीर्तनाच्या या पाच दिवसांत कन्नड ऑर्केस्ट्रा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी परकर-पोलक्यात असल्यापासून या सभामंडपात कीर्तन ऐकत आलेय. झांजेचा पहिला ठोका म्हणजे माझं डोकेदुखीचं औषध. शेवटी त्यांनी एवढंच कबूल केलं, "शेवटच्या दिवशी आरतीला अर्धा मंडप भरलेला दिसला, तर चालू ठेवू."

आणि इथं आमचे बुवा पहाटे जंगलात निघालेले.

गाडी मंजुनाथची. तो आमच्याच रस्त्यावरचा, कन्नड माणूस, पण आमच्यात राहून मराठी बरं बोलतो. पहिल्या दिवशी परत आला तो कपाळाला हात लावून. हरणांचा कळप दिसताच बुवा आनंदानं "विठ्ठल विठ्ठल" म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं म्हणजे मंडपाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचणारं. कळप गेला. जीपमधली माणसं बुवांकडे अशी बघू लागली की मंजुनाथनं बुवांच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि म्हणाला, सुम्मने कूता राहा स्वामी, म्हणजे गप्प बसा. वाघ काही दिसला नाही. फाटकाजवळच्या हॉटेलात बुवांनी चौकशी केली. कन्नडात वाघाला हुली म्हणतात. बुवांनी मराठी जिभेनं त्याचं हुळी केलं. हुळी म्हणजे आमचं चिंचेचं सांबार. हॉटेलवाल्यानं वाफाळती वाटी आणून ठेवली. बुवांनी वाघ म्हणून ती निमूटपणे प्यायली.

त्या संध्याकाळी मी जीव मुठीत धरून बसले होते. बुवांचे डोळे तांबारलेले, आवाज कसा लागणार? पण घडलं उलटंच. पहाटेपासून गुळानं कोंडलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर आलं. बुवांनी हुळीची गोष्ट सांगितली, झाडावरच्या माकडाची सांगितली. वानर उंचावर बसतो, त्याला वाघ लांबून दिसतो, तो ओरडतो; ज्या हरणाला ऐकू येतं ते वाचतं. "संत दुसरं काय करतात?" बुवा म्हणाले. "आपण मात्र खाली पाला खात असतो."

माझी लेक काव्या कंपनीतून आली होती ती मला स्कूटरवर घरी न्यायला. तिचं मराठी जेवण-झोप एवढ्यापुरतं. दारातच उभी राहिली आणि हसली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली. त्यांना अभंग कळत नव्हते, पण "आज दिसला का?" हे सगळ्यांना कळत होतं. तिसऱ्या दिवशी नाही दिसला. चौथ्या दिवशी नुसते पंजे दिसले, चिखलात उमटलेले. त्या पंजांवर बुवा तासभर बोलले आणि मला पंढरीच्या पावलांइतकं भरून आलं. तरीही मध्यंतराला बुक्का लावून म्हातारी मंडळी निघालीच, आणि मागं उभे राहून मालोजीराव ते बघत होते.

पाचव्या दिवशी सकाळच्या सफारीला जागा मिळाली नाही, म्हणून बुवा दुपारच्या बंडीपूरला गेले. मंजुनाथलाही त्यांनी नेहमीसारखं तिकीट काढून शेजारी बसवलं. कीर्तनाची वेळ झाली तरी पत्ता नाही. मंडप माणसांनी भरलेला, पेटीवाला चौथ्यांदा सूर धरतोय, आणि मालोजीराव माझ्याकडे बघताहेत. बुवा आले ते धुळीनं माखलेले. हातपाय धुऊन थेट उभे राहिले.

मालोजीरावांनाच राहवलं नाही. "बुवा, हुली बंता?" वाघ आला का?

बुवांनी झांज उचलली. "उत्तररंगात सांगतो."

मी तुम्हाला सांगते, मध्यंतराला माणसांनी बुक्का लावून घेतला आणि परत जागेवर बसली. एकजण चपला घालून निघाला होता, तो चपला काढून बसला. बुवांनी प्रल्हाद लावला. खांब कडाडला, नरसिंह प्रकटला, आणि तिथूनच ते बंडीपूरला आले. वळणावर वानर ओरडला. गाडी थांबली. झुडपातून वाघ निघाला आणि गाडीला लागून उभा राहिला, इतका जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा.

"कसा होता?" मालोजीराव उभेच राहिले होते.

"ते मंजुनाथला विचारा," बुवा म्हणाले. "मी झोपलो होतो."

मंजुनाथ मागं होता. त्यानं सांगितलं की बुवांचा खांदा किती वेळा हलवला. शेवटी बुवांनी झोपेतच हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बोला!"

सवयीनं अख्खा मंडप म्हणाला, "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!"

"हां, तसंच," मंजुनाथ म्हणाला. "मग हुली गेला."

लोक हसता हसता एकमेकांवर पडले. बुवाही हसले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि हळू म्हणाले, "तो दारात येऊन उभा होता हो. आणि यजमान घोरत होता." त्यानंतर कुणी हसलं नाही. आरती झाली तेव्हा मंडपातून बाहेर गेला तो फक्त कापराचा धूर.

मालोजीरावांनी डोकी मोजलीच नाहीत. प्रसाद घेताना मला म्हणाले, "अंबूताई, यांना पुढच्या वर्षी बोलवायलाच हवं. वाघ न बघता कसं सोडायचं?" सफारीची तिकिटं मी काढते, असं काव्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं.

सगळे गेल्यावर मी विठ्ठलापुढं हात जोडले. बुवांचं वाईट चिंतलं असं म्हणू नका. पांडुरंगा, म्हटलं, वाघाला सुखात ठेव, त्याला पोटभर मिळू दे, पोराबाळांनी त्याचं जंगल भरू दे. फक्त बुवा गाडीत असतील तेव्हा त्याला दुसऱ्या वाटेनं ने.