मूस न वाहिलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. माझ्यात ना चित्र, ना आरसा. माणसाच्या पाठीवर बसून ओझं वाहायचं, एवढंच माझं काम. युइंटा डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्या लावेलनं तरुणपणी लाकडाच्या फळ्या वाफेवर वाकवून मला बनवलं. चामड्याचे पट्टे त्याच्याच खांद्यांच्या मापाचे होते.

वरचं जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. तिथं गाडीवाट संपली की पाठच कामाला येते. हरणं, सरपण, तंबू, एकदा तर रुसून बसलेली छोटी जॅनेल, लावेलची एकुलती एक लेक, सगळं मी वाहिलं. "ही आहे तोवर मला खेचर नको," असं तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा मला बरं वाटायचं. पुढं पाठीवर अडकवायच्या नायलॉनच्या पिशव्या आल्या आणि मी गोठ्यात खुंटीवर गेले. उंदरांनी एक पट्टा कुरतडला. असो.

लावेलची एकच इच्छा राहिली होती, मूसची. घोड्याहून उंच, पसरट शिंगांचं ते हरीण. त्याच्या शिकारीचा परवाना इथं सोडतीनं मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. लावेल दर वर्षी अर्ज करायचा आणि दर वर्षी हात चोळत बसायचा. अखेर नाव निघालं, तेव्हा त्याची सत्तरी उलटली होती आणि गुडघे कुरकुरत होते.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. माझा पट्टा शिवायला मला आत आणलं होतं, म्हणून सगळं कानांवर पडलं. लावेलनं खिंडीपलीकडच्या तळ्यावर बोट ठेवलं. "इथंच जायचं. मोठे नर इथंच उतरतात."

"आणि मांस कोण आणणार?" जॅनेलनं विचारलं. "बाबा, मूस मारायला एक गोळी लागते. घरी आणायला कित्येक खेपा लागतात."

"तू मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. आधी मांस, शेवटी शिंगं. मांस जंगलात कुजलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही." तिनं गाडीवाटेच्या बाजूनं पेन्सिलीची एक रेघ ओढली. "या रेघेपलीकडे गोळी झाडायची नाही."

शेजारचा व्हर्ल गरम चॉकलेट पीत बसला होता. तो खो खो हसला. "लावेल, लेका, आता त्या नरालाच सांगून ये, रेघेच्या आत उभा राहा म्हणून!"

लावेल चिडला. अजून ओझं पेलतं हे दाखवायला गाईंसाठी आणलेले मिठाचे ठोकळे त्यानं माझ्यावर बांधले, मला पाठीवर घेतलं आणि तरातरा निघाला. फाटकापर्यंत गेला. तिथून परत मात्र मला जॅनेलनं आणलं.

हंगामात दोघं वर तंबू ठोकून राहिली. रेघेच्या आत माद्या दिसल्या, पिल्लं दिसली, नर काही दिसेना. शेवटच्या दिवशी लावेल म्हणाला, "खिंडीत जाऊन नुसतं तळं बघून येऊ." गेलो. तळ्याच्या काठी नर उभाच होता. एवढी रुंद शिंगं मी कधी पाहिली नव्हती. वारा तिकडून आमच्याकडे. लावेलनं खडकावर बंदूक टेकवली. नेम चुकण्यासारखा नव्हता.

"रेघेच्या बाहेर आहे," तो पुटपुटला.

"असू दे." मी जॅनेलच्या पाठीवर होते. तिला धाप लागलेली मला कळत होती. "मारा, बाबा. मी आणेन."

"सगळं? एकटी?"

"आणेन म्हटलं ना!"

लावेलनं वळून पाहिलं. त्याच्या मापाचे माझे पट्टे तिच्या खांद्यांत रुतले होते. त्यानं बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली.

"तू खरंच आणशील गं. म्हणूनच नको."

नर पाणी पिऊन झाडीत गेला. लावेल तिथंच बसून रडला, काही न लपवता. मला ओझ्यातलं कळतं, रडण्यातलं फारसं नाही. परतताना माझ्यावर फक्त तंबू होता.

व्हर्लनं विचारलंच, "काय रे, कुठाय तुझं मूस?"

"तळ्यावर," लावेल म्हणाला. "जा, घेऊन ये."

मित्रांनो, कशावरही नेम धरण्याआधी ते कोणाच्या पाठीवरून घरी येणार, तेवढं बघत जा. आणि ओझं वाहणाऱ्यांना खुंटीवर विसरू नका, वर्षातून एकदा तरी पट्ट्यांना तेल लावा. लावेलनं त्या हिवाळ्यात लावलं. मग दाभण घेतलं, जॅनेलला समोर उभं केलं आणि पट्ट्यांना नवी भोकं पाडली. आता मी त्याला होत नाही. तिला नेमकी बसते.