हरण्याला उशीर केला

एक्केचाळीसची दिवाळी झाली आणि खोंड खच्ची करणारा माणूस कडेगावात आला. दरसाली दीड वर्षाची सगळी खोंडं एका दिवशी उरकायची, अशीच रीत होती. धोंडुबाईच्या दिरानं, नाथाजीनं, आपलं खोंड पुढं केलं. धोंडुबाईनं मात्र आपल्या खोंडाचा, हरण्याचा, कासरा सोडला नाही.

"चार दात येऊ द्यात, मग बघू," ती म्हणाली.

"वैनी, मुंडावळ्या बांधायच्या हायत व्हय त्याला?" नाथाजीनं विचारलं. माणसं हसली.

तिचं माहेर पूर्वेकडचं, मेंढरांचं. बाप सांगायचा, कोवळ्यापणी खच्ची केला की बकरा चरबी धरतो. पाय लांबत जातात, पण मान भरत नाही. चरबी पायजे तर लवकर करा, ताकद पायजे तर थांबा.

थांबणं महागात पडलं. हरण्यानं दोनदा दावं तोडलं, एकदा ज्ञानूला, तिच्या नवऱ्याला, कुडाला दाबलं. बरगडी धरून ज्ञानू म्हणाला, "ह्यो बैल वाया गेला तर दुसरा घ्यायची ऐपत न्हाई आपली. आन घरात तुझा सबूद कोण ऐकंल गं?"

"कोण न्हाई," ती म्हणाली. तीन वर्षांचा होऊन चार दात आल्यावरच तिनं खच्ची करणाऱ्या माणसाला बोलावलं.

चव्वेचाळीसच्या माघात नाथाजीची गुळाची गाडी सांगलीला निघाली आणि येरळा नदीच्या वाळूत चाकाच्या आखापर्यंत रुतली. जोडीतला एक बैल तोच, लवकर खच्ची केलेला: उंच, गुबगुबीत, बघत राहावा असा. दोन हिसके दिले आणि मटकन खाली बसला. शेपूट पिरगाळलं तरी उठेना.

काठावरच्या रानात हरण्याला जुंपून ज्ञानूचा नांगर चालू होता, मागं धोंडुबाई ढेकळं फोडत होती. नाथाजी वर आला.

"वैनी, तुमचा नवरदेव द्या जरा."

हरण्या बुटका, पण मान खोडाएवढी जाड. त्यानं जू खांद्यावर घेतलं, खूर रोवले, मान खाली घातली. जोडीचा बैल नुसता फरफटत आला. चाकं करकरली, वाळू फुटली आणि गाडी पलीकडचा चढ चढून सपाटीला लागली.

नाथाजीनं आपला बैल ज्ञानूच्या हवाली केला. "वैनी, वर बसा. ह्यो माझं ऐकणार न्हाई."

"घरी भाकरी कोण थापणार?"

"मी थापतो. जा तू," ज्ञानू म्हणाला आणि कासरा त्यानं तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या पेठेत गाडी शिरली तेव्हा व्यापारी ओट्यावरून उठून बघत होते. धोंडुबाईनं पदर खोचला होता. कासरा तिच्याच हातात होता.