मेलबर्नला निघालेली वात

अथेन्सच्या विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कठड्याला लागून, खांबावर बसवलेलं पत्र्याचं एक इवलंसं देऊळ आहे. आत स्त्रातोसचा फोटो असतो आणि तेलाचा दिवा. बिचारा तिथेच मोटारसायकलच्या अपघातात गेला, म्हणून त्याच्या आईने ते उभारलं. पण स्त्रातोस काही त्या देवळात राहत नव्हता. हेल्मेट हातात धरून, भर दिवसा, रस्त्याच्या मधोमध उभा असायचा. आम्हा टॅक्सीवाल्यांना तो दिसायचा, प्रवाशांना नाही. आम्ही वेग कमी करायचो, छातीवर क्रूस काढायचो, आणि मागून प्रवासी कटकट करायचे, विमान चुकेल म्हणून. चुकलं तर दुसरं मिळेल, मी म्हणायची.

एक दिवस त्याची आईच माझ्या टॅक्सीत बसली. एवान्थियाबाई. अंगावर काळे कपडे, एक बॅग, आणि मांडीवर ईस्टरला ज्योत घरी नेतात तसला काचेचा कंदील. मेलबर्नला राहणारी मुलगी तिला कायमची बोलावून घेत होती. गुडघे गेलेले, इथल्या कोरोपी गावातलं घर विकलेलं. देवळापाशी गाडी थांबव म्हणाली. मी म्हटलं, मावशी, इथे थांबलो तर आपल्या दोघींचीही देवळं बांधावी लागतील. ती हसली नाही.

"माझ्यामागे दिव्यात तेल कोण घालणार?" ती म्हणाली. "पोरगं त्या वातीच्या आधाराने राहिलंय गं. ती विझली तर त्याने जायचं कुठे?"

 मी गाडी कडेला घेतली.

तिने देवळातल्या दिव्यावर कंदील पेटवला आणि दिवा स्वतःच्या बोटांनी विझवला. दोन रस्त्यांच्या मधल्या रुळांवरून विमानतळाची आगगाडी धडधडत गेली. ती गेल्यावर पाहिलं, तर स्त्रातोस आमच्याकडे चालत येत होता. एवान्थियाबाई मागच्या सीटवर सरकून बसली, जागा केली. गाडीचं मागचं अंग खाली दबलं. 

"पट्टा लाव रे," ती त्याला म्हणाली.

वाटेत मी विचारलं, पेटता कंदील विमानात कसा नेणार? तिला माझी कीवच आली.

"दर ईस्टरला जेरुसलेमहून पवित्र ज्योत कशाने येते? विमानानेच ना? आणि याच विमानतळावर. तिच्या स्वागताला मंत्री उभे राहतात. मग माझीच वात जड झाली का?"

 खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं.

विमानतळाच्या दारावरचा रखवालदार भला होता. त्याने आधी छातीवर क्रूसाची खूण केली, मग म्हणाला, विझवा मावशी. ती भांडली, रडली, त्याच्या हातापाया पडली. तिकडे विमानाची घोषणा होत होती आणि मुलीचे फोनवर फोन येत होते. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"मला नाही विझवता येत, पोरी. आपल्या लेकराला कोण मारतं? तू घरी ने याला."

कंदील माझ्या हातात आला आणि ती आत गेली. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलीच नसती. मला तिथेच रडू फुटलं.

गाडीत परत बसले, कंदील शेजारी ठेवला. जरा वेळाने मागचं अंग पुन्हा दबलं.

आता तो रस्ता मोकळा आहे. टॅक्सीवाले म्हणतात, सुटला एकदाचा.  पण तो कंदील माझ्या स्वयंपाकघरात फळीवर असतो, आणि मी दोन ताटं वाढते. भीती वाटते का? वाटते की. पण नवरा गेल्यापासून रिकाम्या घरात शिरताना जे वाटायचं, ते याहून वाईट होतं.

रविवारी मेलबर्नहून फोन येतो. तेल संपू देऊ नकोस, ती बजावते. जेवला का, विचारते. गेल्या खेपेला आवाज खाली आणून म्हणाली, "माझी आठवण काढतो का गं?"

"काढतो ना, रोज काढतो," मी म्हटलं.

फोनवर मी हात घट्ट दाबून धरला होता. तो समोर ताटावर बसून मला आई म्हणून हाक मारत होता, आणि ते तिला ऐकू जायला नको होतं.