भिंतीपलीकडचा तिसरा अंक

ताईची खाट ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडे नाटकगृह होतं. घर घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ताईने ते हसण्यावारी नेलं असतं, कारण तेव्हा ती चालत होती. पायऱ्यांवरून पडून खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं जग आवरून एवढंसं झालं: खाट, खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, आणि ही भिंत.

ताईचा धाकटा भाऊ खाली रस्त्यालगतच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. लहानपणापासून प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघायची सवय, म्हणून ताई त्याला भिंग्या म्हणे. आता भिंग्याचे केस पांढरे झाले होते, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. दुसरं नाव घेऊन हाक मारणारं घरात होतंच कोण?

भिंत सरळ खाली दुकानापर्यंत उतरत होती, त्यामुळे ताईला आवाज द्यावा लागत नसे. उशाशी काठी होती. दोन टकटक म्हणजे ये. तीन म्हणजे लवकर ये. सलग बडवणं म्हणजे पाण्याचं भांडं कलंडलं, किंवा खिडकीतून कबुतर आत आलं. काच घासता घासता भिंग्या मधूनच चाक थांबवायचा आणि कान देऊन उभा राहायचा. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस कामात फार बारकाईने लक्ष घालतो.

एकदा नाटकगृहाचे व्यवस्थापक वर आले होते. भर नाटकात भिंतीतून ठोके येतात, नटांची वाक्यं चुकतात, अशी त्यांची तक्रार होती. ताई पडल्या पडल्या म्हणाली, "तुमचे ढोल आम्ही ऐकून घेतो, आमची काठी तुम्ही ऐकून घ्या." व्यवस्थापक चहा न घेताच उतरले. त्यानंतर मात्र प्रयोग चालू असताना ताई शक्यतो काठीला हात लावत नसे. तिलाच ऐकायचं असे.

आणि ती ऐकत असे म्हणजे कसं, तर मन लावून. भिंग्याही दुकान बंद करून वर आला की खाटेशेजारी स्टूल घेऊन बसे आणि डोकं भिंतीला टेकवे. घरात नळ गळत असे, दुधावर नजर ठेवावी लागे, ताईला कूस बदलून द्यावी लागे. ही सगळी कामं मधल्या मधल्या वेळात उरकायची. व्हायोलिन सुरू झालं की ताई बोट वर करी, म्हणजे भिंग्याने जिथे असेल तिथे थांबायचं. कित्येकदा तो एका हातात पावडरचा डबा आणि दुसऱ्या हाताने ताईची पाठ धरून गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला होता. त्या वेळी त्याला आपण अडकलो आहोत असं वाटत नसे. गाणं संपलं की वाटे.

सध्याचं नाटक त्यांना तोंडपाठ झालं होतं. त्यात एक बाई होती, तिचं एक घर होतं, आणि त्या घरातल्या माणसांना तिच्याशिवाय घोटभर पाणीही मिळत नव्हतं. तिसऱ्या अंकात दारावर दोन टकटक होत आणि घरमालक येई. त्या टकटकीला ताई दर वेळी म्हणे, "जा रे, दार उघड." मग घरमालक निघून जाई, बाई शेवटचं गाणं म्हणे, आणि त्यानंतर काहीच ऐकू येत नसे. भिंत मुकी होई. ती शांतता इतकी लांबे, की पहिल्यांदा भिंग्याला वाटलं होतं पलीकडची वीज गेली. मग एकदम सगळं थिएटर टाळ्यांनी भरून जाई.

त्या शांततेत काय होतं, यावरून बहीणभावात कायमचं भांडण होतं.

"जाते ती," ताई म्हणे. "राहायचंच असेल तर एवढं गाऊन घसा कशाला कोरडा करायचा?"

"राहते. गेली असती तर दार वाजलं असतं."

"उघडंच असेल दार."

"घरमालक दार ठोठावतो ना? मग उघडं कसं असेल?"

इथे ताई गप्प बसे. पण हरल्यासारखी नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायची तयारी ठेवून.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते नाटक बघितलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अहो भाऊ, ते सांगण्यासारखं नाहीये. बघायलाच हवं." मग ताईने हुकूम काढला, की आता कुणाला विचारायचं नाही. बघायचं. म्हणजे भिंग्याने बघायचं.

भिंग्या टाळत राहिला. आज पाऊस दिसतोय, आज तुझा खोकला, आज दुकानात काम. अखेर एका सकाळी नाटकगृहाचा दरवान चष्म्याची तुटलेली काडी घेऊन दुकानात आला आणि सहज बोलून गेला, की रविवारी दुपारचा प्रयोग शेवटचा. मग नाटक दुसऱ्या गावी. काडी बसवून झाल्यावर तो म्हणाला, "तिकिटं तर संपली. पण भिंतीकडेला एक खुर्ची टाकून देईन. एकच सांगतो चष्मेवाले, तिसऱ्या अंकात बाहेर पडलात तर परत आत नाही. नाटकातल्या बाईंची सक्त ताकीद आहे. त्या शेवटच्या शांततेत दार जरा जरी कुरकुरलं तरी त्या मला खातील. माझा बाप आला तरी मी कडी काढणार नाही."

"मी कशाला बाहेर पडतोय?" भिंग्या म्हणाला.

भिंतीकडेची खुर्ची त्याला सोयीचीच होती. ती भिंत आपलीच. काठी वाजली तर ऐकू येईल.

ताईला हे सांगितलं तर ती भडकली. "नाटक बघायला चाललायस की माझी काठी ऐकायला? मी मेले तरी वाजवणार नाही."

"मेल्यावर कशी वाजवशील?"

"तेच म्हणतेय मी. निर्धास्त जा."

रविवारी मात्र सगळ्या गोष्टींनी संगनमत केल्यासारखं झालं. इस्त्रीच्या शर्टाचं गळ्याचं बटण तुटलं. नळाचा वॉशर नेमका तेव्हाच गेला आणि भिंग्याला तिथे फडकं बांधावं लागलं. ताईजवळ थोडा वेळ बसते म्हणालेल्या काकू उशिरा आल्या आणि वर, पाहुणे यायचेत, मध्ये एकदा खाली जाऊन येईन म्हणाल्या. भिंग्या चपला काढायला लागला.

"घाल त्या," ताई म्हणाली. "काकू, याला बाहेर काढा आणि दार लावून घ्या."

तो जिना उतरला तेव्हा वरून ताईचा आणि काकूंचा हळू आवाजात काहीतरी वाद चाललेला त्याला ऐकू आला. पण पलीकडे पहिली घंटा झाली होती.

आत गेल्यावर पहिला अंकभर त्याला काय बघू आणि काय नको असं झालं. ज्या घोगऱ्या, भरदार आवाजाच्या सासऱ्याला ती दोघं पहिलवान समजत होती, तो निघाला पाप्याचं पितर. व्हायोलिनवाला वाजवताना जीभ बाहेर काढत होता. पहिल्या गाण्यात जो ठेका दोघं ढोलाचा समजत, तो ती बाईच टाचेने देत होती. टाच उचलली की तिच्या पायातली चप्पल लोंबायची, आणि चप्पल टेकली की सूर लागायचा. हे भिंतीतून कधी आलंच नव्हतं. कडेच्या खुर्चीवरून पडद्यामागचंही थोडं दिसत होतं. ताई ज्याला शिलाई मशीन म्हणायची ते एक मोठं लाकडी चाक होतं, त्यावर कापड घासलं की वारा सुटत होता. वारा! दोन वर्षं ती दोघं समजत होती की बाई रात्रभर शिवत बसते.

भिंग्याला हसू आवरेना. शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. त्याने तोंडावर रुमाल धरला आणि एकेक गोष्ट ताईसाठी मनात लावून ठेवली: पाप्याचं पितर, जीभ, चप्पल, वारा. घरी जाऊन एकेक काढायची, एकदम सगळं सांगायचं नाही.

मध्यंतरात तो उठला नाही. भिंतीला कान लावला, तेवढंच. भिंत गार होती. काही वाजलं नाही.

दुसऱ्या अंकातलं युगुलगीत सुरू झालं तेव्हा तर त्याच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ काहीच ऐकत नाही आहोत, म्हणजे काठीसाठी ऐकत नाही आहोत. खांदे सैल पडले होते. मांडीवरचे हात उताणे होते. आपले हात असेही पडू शकतात, याचं त्याला नवल वाटलं.

तिसऱ्या अंकाला पडदा वर गेला. दरवानाने कडी घातली आणि भिंग्याने पहिल्यांदाच घराचं दार नीट पाहिलं. ते दार नव्हतंच. नुसती चौकट उभी होती, आत पडदा. इतके दिवस तो दार वाजत नाही म्हणून ताईला गप्प करत होता आणि इथे वाजायला फळीच नव्हती. म्हणजे ताईचंच खरं असू शकत होतं. बाई जाऊ शकत होती. भिंग्या खुर्चीच्या काठावर सरकला. आता काही झालं तरी हे बघायचं.

टक. टक.

त्याच्या कानाशी, त्याच्या भिंतीवर.

भिंग्या उठला. त्याने ठरवून काही केलं नाही. पाय उठले, त्यांच्याबरोबर तो उठला, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढली, कडी काढली आणि बाहेर आला. दरवानाने नुसती मान हलवली आणि मागे कडी घातली. अर्धा जिना चढेपर्यंत भिंग्याच्या डोक्यात एवढंच होतं, की दोनच वाजल्या आहेत, तीन नाहीत, म्हणजे पाणी हवं असेल.

घराच्या दाराबाहेर कोपऱ्यात काठी उभी होती.

तो तिच्याकडे बघत राहिला. काकूंची चप्पल नव्हती, त्या खाली पाहुण्यांकडे गेल्या असणार. दार बाहेरून ओढून घेतलं होतं. काठी अशी व्यवस्थित टेकवून ठेवली होती, की खाटेवरून तर सोडाच, खोलीत चालणाऱ्या माणसालाही ती दिसली नसती. काकूंशी तो वाद कशावरून चालला होता ते आता कळलं. ताईने काठी घराबाहेर काढायला लावली होती. हात जाऊच नये म्हणून.

आणि मग, अगदी उशिरा, भिंग्याला घरमालक आठवला. तिसऱ्या अंकातल्या दोन टकटक. दारच नाही म्हटल्यावर त्या कुठेतरी वाजवणार, भिंतीवरच वाजवणार. इकडून त्या नेहमी लांबून, मऊ यायच्या. तिकडून त्या काठीसारख्याच होत्या.

खाली कडी होती. वर ताई होती, आणि आता आत गेलं तर तिला कळणार होतं की काठी बाहेर काढूनही काही उपयोग झाला नाही. भिंग्या वरच्या पायरीवर बसला. ना इकडचा, ना तिकडचा. बंद दाराआड ताईचा खोकला आला. तो अर्धा उठला आणि परत बसला. खोकला थांबला. मग भिंतीतून शेवटचं गाणं आलं, नेहमीसारखं, कांबळ्यात गुंडाळल्यासारखं. टाचेचा ठेका आला. चप्पल आली नाही.

मग शांतता झाली.

भिंग्या श्वास धरून बसला. आत ताईही तशीच पडली असणार. मध्ये एक दार, बाजूला एक भिंत. ती शांतता त्याला आज नेहमीपेक्षा लांब वाटली. त्यात एखादं पाऊल, कपड्याची एखादी सळसळ, काहीतरी सापडेल म्हणून त्याने कान दुखेपर्यंत ऐकलं. सापडला तो नळ. फडकं भिजून त्यातून पुन्हा थेंब पडू लागले होते.

टाळ्या झाल्या. संपल्या. माणसं रस्त्यावर आली, पांगली. एवढं सगळं होऊ देऊन भिंग्याने काठी उचलली, पायऱ्यांवर मुद्दाम पाय वाजवले आणि दार उघडलं.

ताईचे डोळे दारावरच होते. "ये. बस. पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं. पाप्याचं पितर ऐकून ती हसली, जीभ ऐकून हसली, आणि वाऱ्यापाशी तर तिला इतका ठसका लागला की त्याला पाठ चोळावी लागली. "मी त्या बाईची कीव करत होते रे," ती म्हणाली. "म्हणायचे, मेली झोपते कधी? तर वारा." चप्पल तिने दोनदा सांगायला लावली. भिंग्याने स्टुलावर बसून स्वतःच्या पायाने करून दाखवली. मग ती थांबली.

"आणि तिसरा?"

"दार नाहीये, ताई. नुसती चौकट आहे."

"बघ." तिने उशीवर डोकं नीट ठेवलं. "मग? राहिली की गेली?"

नळाचा थेंब पडला.

"गेली," भिंग्या म्हणाला.

ताईने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "मागे वळून बघितलं का?"

"नाही."

"चांगलं केलं." आणि थोड्या वेळाने, "काठी दे."

काठी त्याच्या हातातच होती. ती इतका वेळ त्याच्या मांडीवर आडवी पडली होती, हे त्याला तेव्हा समजलं. त्याने दिली. ताईने ती कशी सापडली ते विचारलं नाही. तिने ती उशाशी, नेहमीच्या जागी ठेवली.

तो चहा टाकायला आत गेला. पातेल्याखाली गॅस पेटवतो तोच भिंतीवर टकटक झाली, दोन. भिंग्या ओल्या हातांनी बाहेर आला.

ताई खिडकीकडे तोंड करून पडली होती. दोन्ही हात पांघरुणावर होते.

"मी नव्हे," ती म्हणाली. "ते चौकट उखडतायत. तू जा, चहा कर."

तो आत गेला. पलीकडे पुन्हा हातोडा बसला, आणि तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला.